'लहान मुलासारखं जगा' म्हणजे नक्की काय करायचं?

अपूर्णांक

लांबलं तर सांभाळून घ्या, शिक्षकाची सवय आहे.

वय ७१. आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सकाळी फोन उघडला की उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'वय हा फक्त आकडा आहे' असं कुणीतरी पाठवलेलं असतंच. ज्याने आकड्यांवर पोट भरलं त्याला तो 'फक्त' फार झोंबतो हो. आकडा खरा असतो. जिना चढताना माझा डावा गुडघा त्याचा ताळा रोज करून देतो.

त्याच्याच खाली दुसरा सल्ला असतो: लहान मुलासारखं निरागस आनंदाने जगा, श्रद्धा ठेवा. माझं अख्खं आयुष्य मुलांमध्ये गेलं. मुलं सतत आनंदी असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी चाचणीच्या दिवशी वर्गात येऊन बघावं. रुसतात, हेवा करतात, शेजारच्याचं खोडरबर लपवून साळसूदपणे शोधायला मदत करतात. मग यातला नेमका कोणता भाग आम्ही म्हाताऱ्यांनी उचलायचा?

हे सगळं मी चेष्टेवारी नेलं असतं, पण अडचण घरातच आहे. आमच्या घरी म्हातारी माणसं दोन आणि त्यातलं आनंदी एकच. बायको ६९ वर्षांची. तिचे खुबे माझ्या गुडघ्यांपेक्षा वाईट. तरी खिडकीत येणाऱ्या पाखराशी ती रीतसर भांडते, शब्दकोडं सुटलं की एकटीच टाळी वाजवते. मध्यंतरी रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, तर घरी येऊन सहलीला जाऊन आल्यासारखं सांगत बसली. माझ्या बाबतीत ते झालं असतं तर मी त्याच रात्री स्मृतिभ्रंशाचं निदान करून मोकळा झालो असतो. तिची देवावर श्रद्धा आहे. मी स्वतःला नास्तिक म्हणवण्याइतकाही उत्साही नाही. रात्री ती पाठ टेकताच झोपते, मी तीन वाजता उठून छताकडे बघत हिशेब करत पडतो: किती वर्षं राहिली असतील, त्यातली धडधाकट किती, आधी कोण जाणार.

वर्षंही हल्ली कशी पळतात. याचा हिशेब सोपा आहे: दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, मला एकाहत्तरावा. ही माझी कल्पना म्हणून मी खूश होतो, पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच ती लिहून ठेवलेली निघाली, आणि तीही पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाची म्हणून!

तर विचारायचं असं की हा आनंद शिकता येतो का? आणि ज्याच्याकडे श्रद्धा मुळातच बेताची आहे त्याने ती आणायची कुठून? कृपया कविता पाठवू नका.

धांदरट

काका, भारी लिहिलंय. माझं वय २९, त्यामुळे माझ्या सल्ल्याला किंमत शून्य, तरी देतो. घरात कुणी नसताना मोठ्याने गाणं लावा आणि नाचा. लाज गेली की निम्मं काम झालं.

अपूर्णांक

धांदरट, नाचायला गुडघ्याची लेखी परवानगी लागते. अर्ज करून ठेवतो.

कुतूहल

धागाकर्त्यांनी जेम्स यांचा अर्धाच भाग सांगितला. एक भागिले वय या अपूर्णांकाने वर्ष आखूड वाटतं याचं वर्णन होतं, कारण कळत नाही, हे खुद्द जेम्स यांनीच पुढे म्हटलंय. त्यांच्या मते कारण असं की लहानपणी तासातासाला काहीतरी अगदी नवं समोर येतं. वय वाढतं तसं बरंचसं सवयीत जमा होतं, आणि सवयीच्या दिवसांची स्वतंत्र आठवण राहत नाही. म्हणजे छेद बदलता येत नसला तरी अंशात काही करायला वाव आहे. (गणिताच्या शिक्षकासमोर ही उपमा वापरताना हात थरथरतोय.)

'आकडा आहे, फक्त नाही' हे मात्र पटलं. तरी त्या आकड्याबद्दल आपलं मत काय आहे यालाही वजन दिसतं. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा २००२ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. ओहायोतल्या ६६० लोकांना, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आपल्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं हे आधीच विचारून ठेवलं होतं. पुढे जवळपास तेवीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते.

अपूर्णांक

कुतूहल, सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. ज्याची तब्येत मुळात बरी त्याला म्हातारपण बरंच वाटणार. साडेसात वर्षांच्या आशेने मी उद्यापासून स्वतःशी खोटं बोलायला लागलो तर ती मिळतील का?

कुतूहल

रास्त शंका. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि सुरुवातीची कामं करण्याची क्षमता एवढं त्यांनी हिशेबात धरलं होतं, तरी फरक उरला. पण तुम्ही म्हणता तसं, निरीक्षण ते निरीक्षणच. म्हणून दुसरा अभ्यास सांगतो, त्यात प्रयोग होता. व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकारी, २०२०. साठी ते नव्वदीतल्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा फक्त १५ मिनिटं चालायला सांगितलं. एका गटाला नुसतं चालायचं होतं. दुसऱ्याला वर एक सूचना होती की शक्यतो नवीन जागी जा आणि कशाने थक्क व्हायला होतंय ते बघत चाला. दोघांनाही चालताना स्वतःचे फोटो काढायचे होते.

मला आवडलं ते हे. थक्क होत चालणाऱ्यांच्या फोटोंत आठवड्यांगणिक त्यांचा स्वतःचा आकार लहान होत गेला, मागचं दृश्य जास्त मावू लागलं आणि हसू रुंदावत गेलं. कुणीही त्यांना 'लांब धरून फोटो काढा' असं सांगितलं नव्हतं.

आणि पहाटे तीनचं म्हणाल तर त्यातलं थोडं वयाचंच आहे. शरीराचं घड्याळ उतारवयात पुढे सरकतं, झोप लवकर येते आणि लवकर उडते. छत सगळेच बघतात, तुम्ही त्यावर गणित मांडता एवढंच.

पायरी

सर (शिक्षक म्हणालात म्हणून सर), मी ७४ वर्षांची. फिजिओथेरपिस्ट होते. श्रद्धेतलं मला फार कळत नाही, जमिनीतलं कळतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या बाळांचं चालणं मोजलं होतं, २०१२ मध्ये ते छापून आलं. खेळता खेळता तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा धपकन पडणं. आता आपल्याकडे वळू. पासष्टीपुढच्या साधारण २८ ते ३५ टक्के लोकांचं वर्षातून एकदा तरी पडणं होतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. बाळ हलकं, वीतभर उंचीवरून पडतं, आपली हाडं ठिसूळ, तेव्हा या दोन आकड्यांची तुलना करून तासाला सतराची तालीम सुरू करू नका. सांगायचंय ते वेगळंच.

एकदा पडलेला माणूस माझ्याकडे यायचा तो भिंत धरून, पाय घासत, नजर स्वतःच्या पायांत खुपसून. हाड जुळलेलं असायचं, भीती जुळलेली नसायची. भीतीने तो चालणं कमी करतो, कमी चालल्याने मांड्या बारीक होतात, तोल जातो, आणि ज्याला भ्यायला तेच पुढ्यात येतं. आणखी एक नुकसान होतं ते कुठल्या तपासणीत दिसत नाही. पायांकडे बघत चालणाऱ्याला बाकी काहीच दिसत नाही. समोरून येणारं माणूस नाही, आभाळ नाही, तुमच्या मंडळींचं पाखरू नाही. त्याला 'थक्क व्हा' म्हणून काय उपयोग? आधी नजर वर यायला हवी, आणि ती सांगून येत नाही. पायाखालच्या जमिनीचा भरवसा वाटला की आपोआप येते. तुमच्या आनंदाचा आणि श्रद्धेचा मला दिसलेला संबंध एवढाच.

म्हणून मी माणसाला भराभर चालायला लावायच्या आधी जमिनीवरून उठायला शिकवायची. पडल्यावर आपण उठू शकतो हे ज्याला ठाऊक आहे त्याची चालच बदलते. कसं ते लिहितेच, इथे बरेच जण आमच्या वयाचे दिसतात. खाली उताणे आहोत असं धरा. घाई करायची नाही, कुठे दुखतंय का बघायचं. मग कुशीवर वळायचं, वरचा हात छातीसमोर जमिनीवर टेकवून कोपरावर यायचं, तिथून हात आणि गुडघ्यांवर. तसंच रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बसण्याच्या जागेवर ठेवायचे, बळकट पाय पुढे घेऊन तळवा टेकवायचा, हातांनी रेटून उठायचं आणि वळून बसायचं. बसल्यावर लगेच उभं राहू नये, चक्कर येते. पहिल्या वेळी कुणीतरी शेजारी हवं. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल, हाडं फारच ठिसूळ असतील, चक्कर येत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गुडघे टेकवायला त्रास होत असेल तर खाली उशी घ्या. होय, मध्ये रांगावं लागतं. मुलासारखं जगायचंय ना?

आता भरवशाची दुसरी बाजू. माझा स्वतःचा खुबा मोडला तेव्हा अंघोळ घालायला एक बाई यायच्या. जन्मभर मी पेशंटना 'मदत घ्यायला लाजू नका' असं ठणकावून सांगत आले, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी त्या बाईंना दर मिनिटाला सॉरी म्हणत होते. शेवटी त्या वैतागल्या. म्हणाल्या, "आजी, सॉरी नंतर म्हणा, आधी हात वर करा, बाही काढायचीय." मी हात वर केले. माझी नात तेव्हा दीड वर्षाची होती. ती दिवसभर हेच करायची. कुणीही समोर आलं की दोन्ही हात वर, म्हणजे उचल. त्यात विनवणी नसते, उपकाराचं ओझंही नसतं. नाही उचललं तर रडायचं, उचललं तर खांद्यावरून नवीन काय दिसतंय ते बघायचं. मुलांचं हसणं-खिदळणं सगळे उचलायला बघतात, सर. हे हात वर करणं कुणी मागत नाही, आणि आपल्याला पुढे लागणार आहे ते हेच.

धांदरट

पायरी मावशी, हे आईला वाचून दाखवलं. तिने लगेच चटई अंथरली.

थोरली

इतकं छान चाललंय त्यात विरजण घालतेय, पण राहवत नाही.

माझे वडील ८३ वर्षांचे, स्मृतिभ्रंश आहे. मी सांभाळते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, "अगदी लहान मूल झालेत हो!" आणि मग त्यांच्याशी त्याच सुरात बोलायला लागतं. चला, आ करा, शाब्बास, शहाणं माझं बाळ. या बोलण्याला संशोधनात एल्डरस्पीक म्हणतात. कॅन्सस विद्यापीठातल्या क्रिस्टिन विल्यम्स आणि त्यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की स्मृतिभ्रंश झालेल्यांशी असं बोललं की ते कपडे बदलणं, अंघोळ अशा गोष्टींना जास्त विरोध करतात. मला ते वाचायची गरज नव्हती, रोज बघते. बाबा मूठ आवळून घेतात. तेच "बाबा, शर्ट बदलू या का? निळा की पांढरा?" विचारलं तर उत्तर येतं. कधी चुकीचं येतं, पण येतं.

बाबा दुपारभर बटणं आकारानुसार लावत बसतात. नोकरीत कागदपत्रं लावायचे. त्यात त्यांना सुख आहे हे मला दिसतं, पण ते मुलाचं सुख नाही. कामाच्या माणसाचं आहे. तेव्हा 'मुलासारखं' हे कुणी स्वतःपुरतं म्हणत असेल तर ठीक. दुसऱ्याने आमच्या म्हाताऱ्यांवर ते लादू नये.

आणि अपूर्णांक काका, एक काळजीपोटी. पहाटे जाग येणं वयाचं असतं हे खरं, पण त्याबरोबर बरेच दिवस कशातच गोडी वाटत नसेल, भूक कमी झाली असेल, आपण असून नसून सारखं असं वाटत असेल, तर ते म्हातारपण नव्हे. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर या वयातही उपचार होतात. डॉक्टरांशी बोला. सूर्याच्या चित्रांनी ते बरं होत नाही.

अपूर्णांक

थोरली, विरजण नाही, फार गरजेचं लिहिलंत. भूक शाबूत आहे, याचं प्रमाणपत्र घरून मिळालं. तक्रार करण्यात गोडीही भरपूर आहे. तरी पुढच्या तपासणीत झोपेचं विचारेन.

कुतूहल, तुमचा चालण्याचा प्रयोग करून पाहिला. सूचना होती थक्क व्हायची, मी निघालो आणि सवयीने खिडक्यांची तावदानं मोजत बसलो. म्हटलं, हे आपल्याच्याने होणार नाही. परतताना एका कुंपणाआड वाळलेलं सूर्यफूल मान टाकून उभं होतं. सूर्यफुलाच्या चकतीवर बिया वळणावळणांच्या रांगांत असतात, एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ हे नेहमीचे आकडे, लागोपाठच्या फिबोनाची संख्या (ज्या मालिकेत आधीच्या दोन मिळवल्या की पुढची मिळते). हे मी फळ्यावर किती वर्षं शिकवलं असेल, पण स्वतः कधी मोजलं नव्हतं. मालकाला विचारून ते फूल घरी आणलं. पेनाने ठिपके देत मोजायला बसलो. मध्येच चुकलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकलो, आणि लक्षात आलं की चिडचिड होत नाहीये. ५५ जुळले तेव्हा मी बायकोला हाक मारली, ती मला तरी जरा मोठीच वाटली. ती म्हणाली, काय झालं, पडलात का?

त्यामुळे 'मोजणं सोडून नुसतं बघा' हा सल्ला माझ्यापुरता रद्द. मला मोजतानाच दिसतं.

श्रद्धेचा प्रश्न मात्र तसाच आहे. पायरी ताईंचं हात वर करणं समजलं. पण रात्री तीन वाजता हात वर करायचे ते कुणापुढे?

अपूर्णांक

मी यांची बायको. यांच्याच आयडीवरून लिहितेय, हे बाहेर गेलेत.

पहिल्यांदा दुरुस्ती. पाठ टेकताच मला झोप लागते हे साफ खोटं आहे. मी डोळे मिटून पडलेली असते, कारण उघडे दिसले की हे वर्षांचा हिशेब मला ऐकवतात. मलाही भीती वाटते. हे आधी गेले तर गॅसचं पुस्तक आणि पासवर्ड कुठे आहेत याची वाटते, मी आधी गेले तर यांना कोण हसवणार याची वाटते.

माझं एवढंच आहे की जे माझ्या हातातलं नाही ते रात्रीपुरतं मी देवाकडे ठेवायला देते. सकाळी परत मागून घेते, कारण बघितलं तर त्यातलं अर्धं माझंच काम निघतं. फोन करायचा असतो, कुणाची माफी मागायची असते. उरलेलं अर्धं राहू देते त्याच्याकडे. यांना देव नको असेल तर उशीखाली वही ठेवावी आणि तिच्यात लिहून टाकावं, मी सांगून पाहिलं. म्हणाले, वही उत्तर देत नाही. मी म्हटलं, मला तरी कुठे रोज मिळतं?

वाट चुकले तेव्हा मी घाबरले होते, हेही सांगते. घाबरले, थोडी बसले, मग एका मुलीला विचारलं. ती घरापर्यंत आली आणि सगळा रस्ताभर तिच्या शाळेतल्या भांडणाचं सांगत होती. ते भांडण इतकं मजेशीर होतं की घरी आल्यावर मला तेच सांगावंसं वाटलं. घाबरल्याचं सांगायचं राहून गेलं.

पायरी ताई, तुम्ही लिहिलेलं उठणं काल आम्ही करून पाहिलं. मला खुब्यामुळे डॉक्टरांना विचारून मगच करायचंय, म्हणून मी शेजारी उभी होते. हे अगदी पुस्तकात दिल्यासारखं कुशीवर वळले, रांगत गेले, खुर्चीवर हात ठेवले, आणि खुर्ची निघाली दाराकडे. यांनी अभ्यासाची चाकांची खुर्ची आणली होती. लागलं नाही. हे जमिनीवर बसून इतके हसले की मलाही खाली बसावंसं वाटत होतं. पण मग दोघांना उठवलं कुणी असतं?

पायरी

अहो ताई! लागलं नाही ना, मग ठीक. सगळ्यांनी नोंद घ्या: खुर्ची चार पायांची, बिनचाकांची, आणि मागून भिंतीला टेकवलेली. सरांना सांगा, पुढच्या वेळी दुसरा पाय पुढे घेऊनही करून बघायचं, डाव्या गुडघ्याला कोणतं सोसतं ते त्यातच कळेल.